पिवळ्या दोऱ्याची मोटर

माझी मुलगी शाळेत असताना बाईंनी तिला विचारलं, "तुझी आई काय करते गं?" ती म्हणाली, "कारखान्यात भांडणं मिटवते आणि कॅन्टीनची आमटी चाखते." पुढच्या पालकसभेला बाई माझ्याशी जरा जपूनच बोलल्या. पण खरं सांगायचं तर पोरीनं माझी सगळी नोकरी एका वाक्यात उरकली होती. नगरच्या एमआयडीसीत शेतीपंपाच्या मोटरी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी होते. कागदावर हे पद भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात कुणाचे बूट चावतात, कुणाची बस चुकते, कोण कुणाशी बोलत नाही आणि पंखा नक्की कुणाच्या डोक्यावर फिरला पाहिजे, हे बघता बघता दिवस जायचा.

गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय. पण मी नोकरी केली ती नगरात, आणि जीभ काही अजून वळत नाही, तेव्हा इथं नगरच म्हणते.

मुळात मी चौकस. आई म्हणायची, हिला दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते आधी बघायचं असतं. लोकांना हा दुर्गुण वाटतो, मला त्याचा पगार मिळाला. नोकरीभर एकाच प्रश्नानं माझा पिच्छा पुरवला: माणूस कामावर खूष आहे म्हणजे नक्की काय? आणि खूष असला की काम चांगलं करतो, हे जे सगळे साहेब छातीठोकपणे सांगतात, ते त्यांनी कुठं बघितलं?

कारण मी बघितलं ते भलतंच होतं. आमच्याकडे भानुदास नावाचे एक टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड कातणारा माणूस. हा गृहस्थ उभ्या जन्मात कधी खूष झाला नसेल. सकाळी आला की चहा पाणचट, दुपारी भाकरी वातड, संध्याकाळी बसचा ड्रायव्हर अडाणी. माझ्या टेबलाशी आले की मी पेन खाली ठेवायची, कारण अर्धा तास गेलाच. पण त्यांनी कातलेला शाफ्ट कधी परत आला नाही. शेजारीच स्टोअरमध्ये दुसरे एक गृहस्थ होते, कायम हसतमुख. "मला काय तक्रार न्हाई मॅडम, लई बरं चाललंय." त्यांना कुणाबद्दल तक्रार नव्हती आणि झाडून सगळ्या कारखान्याला त्यांच्याबद्दल होती. नटबोल्ट मागावा तर अर्धा दिवस मिळायचा नाही, आणि मिळाला तर दुसऱ्याच मापाचा! आता सांगा, या दोघांतला समाधानी कोण?

एकदा कॅन्टीनवरून मोठं रामायण झालं. लोकांनी ताटांवर बहिष्कार घातला. मी ठेकेदार बदलला, गरम भाकरीसाठी तवा बसवून घेतला, पारनेरकडच्या दोन बायका भाकरी थापायला ठेवल्या. लोक जाम खूष. माझ्या नावानं टाळ्यासुद्धा वाजल्या. त्या महिन्यात काम किती वाढलं म्हणून मी मोठ्या उत्साहानं विचारायला गेले, तर काहीच वाढलं नव्हतं. उलट जेवणानंतर लोक जरा जास्तच पेंगत होते. भाकरी चांगली मिळणं हा माणसाचा हक्क आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण काम चांगलं होण्याचं गुपित तव्यावर नव्हतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग एका वर्षी पुण्याहून सल्लागार आले. त्यांनी प्रत्येकाच्या मोबाईलवर प्रश्न पाठवले, आणि उत्तराला पाच तोंडं: सगळ्यात डावीकडं रडकं, उजवीकडं दात काढून हसणारं. आमच्या वाइंडिंग हॉलमधली, म्हणजे मोटरीत तार भरायच्या खात्यातली, कांता, सुप्याकडून यायची, तिनं मोबाईल लांब धरून विचारलं, "मॅडम, हा दात वेंगाडणारा कोन?" सगळा हॉल हसला. निकाल आला तेव्हा त्याच हॉलमधल्या झाडून सगळ्या बायकांनी दात वेंगाडणारा दाबलेला. सल्लागार म्हणाले, तुमचा वाइंडिंग विभाग कारखान्यातला सर्वांत समाधानी विभाग आहे. मी कपाळाला हात लावला. कारण त्याच विभागाचं काम सगळ्यात खालावलं होतं, आणि तो बंद करायचं घाटत होतं.

इथून खरी गोष्ट सुरू होते, म्हणून थोडं काम समजावून सांगते. मोटरच्या बाहेरच्या गोल लोखंडी भागाला आतून खाचा असतात. तांब्याच्या तारेची वेटोळी करायची, खाचेत आधी कागद घालायचा, मग वेटोळी एकेक करून आत बसवायची. तारेवर नखाएवढा जरी ओरखडा उठला तरी मोटर आज चालेल आणि पुढं कधीतरी ऐन हंगामात जळेल. सगळं बसलं की बाहेर आलेली वेटोळी दोऱ्यानं आवळून बांधायची, वार्निशात बुडवायची आणि भट्टीत सुकवायची. हे काम आमच्याकडे बायका करत. बोटं बारीक लागतात म्हणून, असं साहेब लोक म्हणत. बायका म्हणत, पुरुषांना एका जागी बसवत नाही म्हणून.

पूर्वी एक बाई एक मोटर पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधायची. आणि बांधताना शेवटची गाठ आपल्या रंगाच्या दोऱ्यानं मारायची. हा रंग कुणी ठरवून दिला नव्हता, मोटरीच्या कुठल्या नकाशात नव्हता. कुणीतरी कधीतरी घरून रंगीत दोरा आणला असेल, त्याचा रिवाज झाला. कांताचा हिरवा. रिबेका साळवेचा पिवळा. वार्निशानं रंग काळपटायचा, पण ओळखू यायचा. मोटर जळून परत आली, उघडली, की बायका हातातलं टाकून धावायच्या. कुणाची? कुणाची? ज्या बाईची निघे तिचं तोंड दिवसभर उतरलेलं. एकदा कांता माहेरी श्रीगोंद्याकडं गेली होती, तिथं भावकीतल्या कुणाच्या विहिरीवरची मोटर सफाईला उघडलेली, तर आत हिरवी गाठ! बरीच वर्षं चाललेली. कांतानं येऊन ती हकिगत आम्हाला इतक्यांदा सांगितली की आम्ही तिला हात जोडले.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस आले. त्यांनी विचारलं, या रंगांचा अर्थ काय? आमचे व्यवस्थापक कर्णिक साहेब, माणूस हुशार आणि नियमाला पक्का, ते ततपप करायला लागले. त्यांना अर्थ माहीतच नव्हता. झालं! दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना पांढरा दोरा. आणि जोडीला कामाचे तुकडेही पाडले: एकीनं वेटोळी करायची, दुसरीनं बसवायची, तिसरीनं बांधायची, आणि जागाही फिरत्या. सुरुवातीला माल भराभर निघाला. कर्णिक साहेबांची मान ताठ झाली. आणि मग मोटरी परत यायला लागल्या.

गंमत म्हणजे परत आलेल्या प्रत्येक मोटरीचं कारण एकच लिहिलं जायचं: व्होल्टेज. शेतात व्होल्टेज कमी असतं, वीज मधेच जाते, हे खरंच आहे, त्यामुळे कुणालाही नाही म्हणता येत नाही. दुकानदार शेतकऱ्याला सांगायचा व्होल्टेज, आम्ही दुकानदाराला सांगायचो व्होल्टेज, हॉल साहेबांना सांगायचा व्होल्टेज. पण आमचे शेठ म्हातारे असले तरी कच्चे नव्हते. ते म्हणाले, जिल्ह्याचं व्होल्टेज काय आमच्याच मोटरींवर खार खाऊन आहे का? त्यांनी ठरवलं, हे काम बाहेर ठेकेदाराला द्यायचं, हॉल बंद करायचा आणि बायकांना पॅकिंगला रोजावर घ्यायचं. ज्यांना नको त्यांनी घरी बसावं. दिवाळीपर्यंत मुदत. आणि मला सांगितलं, "बाई, तुम्ही बघा जरा, यांचं मन का लागत नाही कामात?"

मी कंबर कसली. पंखे वाढवले. रेडिओ लावला. बसची वेळ बदलून घेतली. बायका खूष होत्या, मला गजरा आणून देत होत्या, आणि मोटरी परत येतच होत्या. एक दिवस डबा खायच्या वेळेला मी हॉलच्या दारात उभी होते. वाटेतल्या टेबलावर एक जळकी मोटर उघडून ठेवलेली. सगळ्या बायका तिच्या बाजूनं हसत बोलत गेल्या. एकीनंही वळून बघितलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मी रिबेकाला गाठलं. ही त्या हॉलची म्होरकी. उंच, सडपातळ, जिभेला धार. रविवारी चर्चमध्ये गायची तेव्हा आवाज असा गोड की ही तीच का, असा प्रश्न पडावा. मी विचारलं, "रिबेका, मोटर परत आली तरी कुणी बघत नाही?"

"कुनाची म्हनून बघायची मॅडम? पांढऱ्या दोऱ्यावर नाव लिवलंय का कुनाचं?"

"आधी कसं वाटायचं, परत आली की?"

"धस्स व्हायचं. रातभर डोळ्याला डोळा लागायचा न्हाई."

"आणि आता?"

"आता काय न्हाई वाटत. बरं हाय की. झोप लागती."

दात वेंगाडणारं तोंड का दाबलं होतं ते मला तेव्हा समजलं. बायका खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच आधीपेक्षा कमी त्रास होत होता.

मी म्हटलं, रंगीत दोरा परत आणूया, आणि एकीनं पूर्ण मोटर बांधायची पद्धतही. मला वाटलं ती मला मिठी मारेल. तर ती ताडकन म्हणाली, "नको! आता दोरा आनला आन् मोटर परत आली, तर नाव आमचंच निघंल. हॉल बंद करायला कारनच घावंल त्यांना. पांढऱ्यात सगळ्या झाकून हायेत, ऱ्हाऊ द्या."

तिचं खरं होतं. कर्णिक साहेबांकडे परवानगी मागायला गेले तर ते हेच बोलले, फक्त दुसऱ्या बाजूनं. "आणा की रंग, बांधा एकेकीनं अख्खी मोटर. पण मग परत आलेल्या मोटरीचं नाव माझ्या टेबलावर आलं पाहिजे. आणि ठेकेदाराला काम द्यायचं ठरेल तेव्हा ते नाव शेठपुढं ठेवायचा मला अधिकार आहे." मी हे जसंच्या तसं बायकांना सांगितलं. लपवून काय करणार? डब्याच्या सुट्टीत कडाक्याचं भांडण झालं. निम्म्या म्हणत, आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला? कांता म्हणाली, "तसं बी पॅकिंगलाच जायचंय. जाताना चार मोटरा तरी माझ्या म्हनून करू द्या." मग रिबेका उठली आणि पर्समधून पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढून टेबलावर आपटलं. ते पर्समध्ये कधीपासून होतं कोण जाणे. तिनं आपटल्यावर कुणाची हरकत उरली नाही.

पुढचे दिवस हॉलमध्ये रेडिओ कुणी लावला नाही. भांडणं वाढली. तार खराब आली म्हणून बायका स्टोअरवर चाल करून गेल्या, त्या हसतमुख गृहस्थांची पाचावर धारण बसली. कागद जाड नाही म्हणून कांतानं थेट खरेदी विभागात जाऊन आरडाओरडा केला. माझ्याकडे तक्रारींचा पाऊस. कल्याण अधिकारी म्हणून माझं चक्क दिवाळं निघालं होतं, आणि मला मनातून असा आनंद होत होता की विचारू नका. माल पहिल्यापेक्षा कमी निघत होता, कर्णिक साहेब दात ओठ खात होते. पण परत येणाऱ्या मोटरी फक्त जुन्या, पांढऱ्या दोऱ्याच्या असायच्या. दिवाळी जवळ येत होती.

आणि नेमक्या ज्या दिवशी ठेकेदार शेठकडे करार पक्का करायला आला, त्याच दिवशी गेटवर पिकअप येऊन थांबली. पारनेरकडचा एक शेतकरी, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल, पाठीमागं जळकी मोटर. वॉचमनशी त्याचं जोरात चाललं होतं. "दुकानदाराकडं गेल्तो, त्यो व्होल्टेज म्हनतो. मला मालक दावा. कांद्याचं रोप वाळाय लागलंय माझं!" आवाज ऐकून शेठ स्वतः बाहेर आले, मागोमाग कर्णिक साहेब आणि ठेकेदार. शेठ म्हणाले, आत घ्या, इथंच उघडा.

हॉलच्या दारातच मोटर उघडली. सगळ्या बायका उठून गोळा झाल्या, कुणी बोलावलं नसताना. आत पिवळी गाठ दिसली.

कर्णिक साहेबांनी रिबेकाकडे बघितलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, बाई गं, व्होल्टेज म्हण! कुणी तुला खोडून काढणार नाही. शेतकऱ्याला दुकानदारानं तेच सांगितलंय. एक शब्द बोल आणि सगळ्यांना वाचव.

रिबेका पुढं आली. वाकून तिनं मोटर फिरवून फिरवून बघितली. व्होल्टेजनं जळालेली मोटर आत चहूबाजूंनी एकसारखी काळी पडते, हे हॉलमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. ही एकाच जागी जळाली होती, बाकीची तार लखलखीत. तिनं पदरानं हात पुसले.

"व्होल्टेज न्हाई," ती म्हणाली. "बांधनीत चूक हाय. मोटर माझी हाय."

कांतानं तोंडावर हात ठेवला. एक बाई रडायलाच लागली. मला रिबेकाचा इतका राग आला, आणि त्याच क्षणी इतका अभिमान वाटला, की मला काही कळेनासं झालं. कर्णिक साहेब शेतकऱ्याला म्हणाले, "तुम्हाला आत्ताच्या आत्ता नवी मोटर देतो. न्या." ठेकेदारानं नमुन्याला आणलेली मोटर तिथंच फळीवर होती, देखणी, पांढऱ्या दोऱ्याची. साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

शेतकरी फळीजवळ गेला. "ही कुनाची?"

"कंपनीची."

"कंपनीची म्हंजी कुनाची?"

ठेकेदार म्हणाला, "अहो, माझ्याकडं पोरं असतात कामाला. कुणी ना कुणी बांधलेली असेल. माल एक नंबर आहे."

शेतकऱ्यानं मान हलवली. रिबेकाकडे वळून म्हणाला, "बाई, तुमी बांधलेली दुसरी एखादी तयार हाय का?"

"अहो, हिचीच तर जळालीय!" कर्णिक साहेब अक्षरशः ओरडले.

"व्हय. पन सगळे मला व्होल्टेज म्हनून हाकलून देत्यात. हिनं माझी म्हनलं. उद्या बिघडली तर कुनापाशी यायचं ते तरी म्हाईत असंल का न्हाई मला?"

रिबेकाची तयार मोटर होती. चार बायकांनी मिळून ती पिकअपमध्ये चढवली. शेतकरी धन्यवाद वगैरे काही बोलला नाही, गाडी उडवत निघून गेला, त्याला रोपाला पाणी द्यायचं होतं. ठेकेदारानं आपली बॅग उचलली. शेठ जाता जाता कर्णिक साहेबांना एवढंच म्हणाले, "हॉल राहू द्या." मग दोन पावलं जाऊन थांबले आणि म्हणाले, "आणि ते रंग कुठल्या तरी नकाशात बसवा, पुन्हा कुणी विचारलं तर ततपप नको."

हॉलमध्ये जो काही कल्ला झाला! कुणीतरी पेढे आणवले. कांता नाचली. कर्णिक साहेबांनी पेढा घेतला, वर "मी नियमाचा माणूस आहे, नियम बदलला की मी बदललो," असंही म्हणाले. सुट्टीची घंटा झाली, बायका बसकडे पळाल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या सगळ्यात रिबेका कुठं दिसलीच नाही.

ती आत होती. जळकी मोटर टेबलावर घेऊन, दिवा खाली ओढून, एकेक वेटोळं सोडवत होती. मी पेढा पुढं केला. तिनं बघितलंसुद्धा नाही.

"अगं, हॉल वाचला तुझ्यामुळं! खूष नाहीस?"

"खूष कशाची मॅडम? त्या मान्साचं रोप वाळलं माझ्या हातानं. लाज वाटतीय नुसती." तिचे डोळे भरून आले होते. हात थांबले नव्हते.

"बरं, आता घरी जा. दमलीस. उद्याची सुट्टी टाक, मी साहेबांना सांगते."

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच खुळी आहे.

"सुट्टी? आन् ही कुठं चुकली त्ये कोन बघनार?"

मी पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बघायला बसले.